डायलिसिस, कोलेस्टेरॉल आणि ताटातून गेलेलं अंडं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला समजलं ते सांगते, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

तुमचे मिस्टर ४४ वर्षांचे. बीपीमुळे किडन्या गेल्या, मधुमेह नाही. दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तुमचा रक्तगट ए, त्यांचा ओ, आणि सासूबाईंना साखर असल्यामुळे त्या दाता म्हणून बाद झाल्या. म्हणून नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे मेंदूमृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या यादीत. गेल्या महिन्यात रक्ताच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड २९०, एकूण कोलेस्टेरॉल १८२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) २९, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९५ आलं. घराजवळच्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन २० (स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) आणि फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारी, फायब्रेट गटातली) लिहून दिलं. डायलिसिसच्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट पाहून नुसतं "ठीक आहे" म्हटलं. तुम्ही घाबरून अंडी, मासे आणि जवळजवळ सगळं तेल बंद केलंत. आता विचारताय की चरबी उतरली नाही तर ट्रान्सप्लांटच्या यादीतून नाव काढतील का, आणि गोळ्या कोणाच्या ऐकून घ्यायच्या.

पण खरा प्रश्न तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलाय: "वजन ६२ वरून ५८ वर आलंय, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) ३.१ आहे, वजन उतरलं ही चांगलीच गोष्ट ना?" नाही ताई. तुमच्या अख्ख्या पत्रात मला काळजी वाटली ती याच ओळीची. २९० च्या आकड्याने माझी झोप उडणार नाही, या चार किलोंनी मात्र उडेल.

मी गेली बावीस वर्षं मुंबईत किडनीचे पेशंट बघते. त्या अनुभवावरून सांगते आहे. पण मी तुमच्या मिस्टरांना तपासलेलं नाही, त्यांच्या छातीची सोनोग्राफी पाहिलेली नाही, त्यांच्या घरात कोणाला लवकर हार्ट अटॅक आला होता का हेही माहीत नाही. त्यामुळे काही गोष्टी "असं असेल तर असं" अशाच सांगाव्या लागतील. एक मात्र आजच करा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल: डायलिसिसच्या डॉक्टरांना फोन करून फेनोफायब्रेट चालू असल्याचं सांगा. त्यांना बहुधा हे माहीतच नाही. किडनी जवळपास बंद असलेल्या माणसाला हे औषध देत नाहीत. ते शरीरात साठत जातं, आणि स्टॅटिनच्या जोडीला असेल तर स्नायू विरघळण्याचा धोका वाढतो. त्यात रोसुव्हास्टॅटिन २० हा डोसही त्यांच्यासाठी मोठा आहे. किडनीचं काम फार कमी असेल तर त्या गोळीची मर्यादा साधारण १० धरतात. मांड्या-दंड दुखतायत, जिना चढताना पाय उचलत नाहीत, असं काही असेल तर फोनवर थांबू नका, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम त्याच दिवशी तपासून घ्या. पुस्तकात लिहिलेलं असतं की अशा वेळी लघवी कोकम सरबतासारखी लालसर होते. ज्याला दिवसाला अर्धा कप लघवी होते त्याला हे लक्षण कुठून दिसणार? आणि डायलिसिसवाल्याच्या पायात तसेही गोळे येतात, त्यामुळे दुखणं "पाणी जास्त काढलं असेल" म्हणून सोडून दिलं जातं.

हे मी अनुभवाने सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच एका पेशंटचे पाय दुखायचे आणि मी तीन आठवडे ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावरचं ठरवलेलं वजन, वर-खाली करत बसले. शेवटी त्याच्या बायकोने गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली, आणि सगळ्यात खाली दुसरीकडून सुरू झालेली फायब्रेटची स्ट्रिप निघाली. मी फाइल वाचत होते, पिशवी बघितली नव्हती. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्याने दर महिन्याला पिशवी उपडी करायची हा नियम आहे. तुम्हीही पुढच्या वेळी कागद नेऊ नका, पिशवी न्या.

आता त्या रिपोर्टबद्दल. हे रक्त काढलं कधी? बहुतेक सेंटरमध्ये सोय म्हणून मशीनला जोडताना किंवा मशीन चालू असतानाच नळीतून रक्त घेतात. बाकीच्या तपासण्यांना ते कधीकधी चालून जातं. चरबीच्या तपासणीला नाही, कारण मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि हेपॅरिनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर चिकटलेलं चरबी फोडणारं एन्झाइम सुटून रक्तात येतं. मग ट्रायग्लिसराइड खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. उलट सकाळी पोहे आणि साखरेचा चहा घेऊन गेले असतील तर जास्त दिसतं. म्हणजे तो २९० चा आकडा दोन्ही बाजूंनी ओढलेला असू शकतो. पुन्हा तपासायचं तर आठवड्याच्या मधल्या डायलिसिसला, सुई टोचल्याबरोबर हेपॅरिनच्या आधी, आणि सकाळची शिफ्ट असेल तर उपाशीपोटी. टेक्निशियनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने मागच्या नळीतून घेईल.

समजा, आकडा खराच २९० आहे. किडनी बंद पडली की रक्तातलं ट्रायग्लिसराइड उचलून स्नायूंकडे पोचवणारं तेच एन्झाइम मंदावतं. माणूस तूप-तेल किती खातो याच्याशी याचा संबंध कमी असतो, कचरा उचलणारी गाडी रोजच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा यायला लागल्यासारखं ते आहे. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाचा ठरलेला साचा दिसतो: ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, एलडीएल साधारण किंवा कमीच. तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट अगदी त्या साच्यातला. तुम्ही सेव्हेलामरचा उल्लेख केलात. फॉस्फरससाठी घेतात ती गोळी आतड्यात पित्ताम्ल धरून ठेवते, त्यामुळे एलडीएलही उतरवते. ९५ मध्ये तिचाही हात असू शकतो. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर मात्र मी गंभीरपणे बघते, आणि हजाराकडे जायला लागलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. २९० त्या गावाला अजून पोचलेलं नाही.

एकदा थायरॉइड म्हणजे टीएसएच तपासून घ्या. ते बिघडलं असेल तर चरबीचे आकडे हलतात, आणि डायलिसिसवर थकवा सगळ्यांनाच असतो म्हणून ते लक्षात येत नाही.

आता तुमच्या दोन डॉक्टरांमधला मतभेद. घराजवळचे डॉक्टर चुकीच्या हेतूने काही करत नाहीयेत. त्यांच्याकडे येणाऱ्या शंभर माणसांना स्टॅटिन द्यावंच लागतं आणि त्याने अटॅक टळतात, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. डायलिसिसवर मात्र हे गणित जमत नाही, आणि ते आम्हालाही सोपेपणाने कळलं नाही. २००५ साली जर्मनीतल्या डायलिसिसवरच्या १२५५ मधुमेही रुग्णांचा अभ्यास छापून आला. अर्ध्यांना अटोरव्हास्टॅटिन २०, अर्ध्यांना औषध नसलेली नुसती गोळी. एलडीएल चाळीस टक्क्यांच्या वर उतरलं, आणि हृदयाचे मृत्यू, अटॅक, पक्षाघात हे सगळं मिळून मोजलं तर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला आठवतंय, आम्ही तेव्हा म्हणालो होतो, मधुमेही होते, उशीर झाला असेल. मग २००९ मध्ये २७७६ रुग्णांवर रोसुव्हास्टॅटिन १० चा अभ्यास आला. पुन्हा तेच, आकडा खाली आणि माणसाला फायदा नाही. २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात, नऊ हजारांहून जास्त किडनीचे रुग्ण, सिमव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब एकत्र, हृदयाच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. पण त्यातले दोन तृतीयांश लोक डायलिसिसवर नव्हतेच.

असं का होतं? साध्या माणसाच्या हृदयाच्या नळीत चरबीची गाठ फुटते आणि अटॅक येतो. तिथे स्टॅटिन उपयोगी पडतं. डायलिसिसवरच्या माणसाच्या नळ्या चरबीपेक्षा कॅल्शियमने जास्त खराब होतात, अक्षरशः चुना बसतो. त्यातून दोन डायलिसिसच्या मध्ये साठलेल्या पाण्याने हृदय ताणलं जातं, जाड होतं, पोटॅशियमच्या चढउताराने ठोके चुकतात. यातल्या कशावरही कोलेस्टेरॉलची गोळी चालत नाही.

म्हणून २०१३ च्या केडीगोच्या, म्हणजे किडनीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये, एक वरवर विचित्र वाटणारं वाक्य आहे: डायलिसिसवर असलेल्या प्रौढाला स्टॅटिन नव्याने सुरू करू नये, पण डायलिसिस सुरू व्हायच्या आधीपासून घेत असेल तर बंद करू नये. पेशंट मला विचारतात, हे काय, आधीच्याला चालतं आणि नव्याला नाही? उत्तर असं की आधीपासून घेणाऱ्यांमध्ये बहुतेकांना काहीतरी कारण होतं, आणि ते कारण डायलिसिसने संपलेलं नसतं. तुमच्या मिस्टरांना गोळी गेल्या महिन्यात सुरू झाली, म्हणजे ते नव्याने सुरू करणाऱ्यांच्या गटात. तुमच्या डायलिसिसच्या डॉक्टरांचं "ठीक आहे" हे बहुधा याचंच संक्षिप्त रूप होतं. पस्तीस पेशंटांच्या राऊंडमध्ये एवढंच बोलायला होतं, त्यांच्या वतीने मी माफी मागते.

तरीही मी स्टॅटिन सरसकट नाकारत नाही. आधी अटॅक येऊन गेलेला असेल, स्टेंट असेल, घराण्यातच एलडीएल १९० च्या वर असण्याची खोड असेल, किंवा जवळचा दाता ठरून ट्रान्सप्लांटची तारीखच दिसत असेल, तर मी पेशंटसमोर दोन्ही बाजू मांडते आणि कित्येकदा छोट्या डोसने देते. ४४ हे वय तरुण आहे, पुढे खूप आयुष्य जायचंय, हाही मुद्दा गोळीच्या बाजूने मांडता येतो. पण ९५ एलडीएल, हृदयाचा काही इतिहास नाही, वजन घसरतंय, अशा माणसाला मी आज स्टॅटिन सुरू केलं नसतं. तुमच्या सासऱ्यांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. ते पन्नाशीच्या आत हृदयाने गेले असतील तर मला परत विचार करावा लागेल, आणि हे डॉक्टरांनाही आवर्जून सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण येत्या डायलिसिसला हा विषय काढा.

(त्यांचं डायलिसिस मशीनवरचं आहे म्हणून हे सगळं. पोटाचं डायलिसिस असतं तर उत्तर थोडं बदललं असतं, कारण त्या पिशव्यांमध्ये ग्लुकोज असतं आणि ते शरीरात शोषलं जाऊन ट्रायग्लिसराइड आणखी वाढवतं. तिथे आधी पिशवीचा प्रकार बदलून बघतात.)

आता ताटाकडे येऊ.

तुम्ही लिहिलंय, सकाळी चहा आणि दोन खारी, दुपारी दोन फुलके, उकडलेला दुधी, वरणाचं वरचं पाणी, रात्री मऊ भात. मी बोटांवर मोजलं, प्रोटीन पंचवीस ग्रॅमच्या पुढे जात नाही. डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे ५८ किलोला साठ ते सत्तर ग्रॅम. प्रत्येक डायलिसिसमध्ये काही ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधून वाहून जातात, ती वेगळीच. डायलिसिसच्या आधी त्यांना प्रोटीन कमी खायला सांगितलं असेल, ते तुमच्या डोक्यात बसलंय. तो नियम डायलिसिस सुरू झालं त्या दिवशी उलटला. हे नीट सांगितलं जात नाही, आणि घरोघरी बायका नवऱ्याला प्रेमाने उपाशी ठेवतात. तुमचा दोष नाही.

डायलिसिसवरच्या लोकांमध्ये ज्यांचं कोलेस्टेरॉल खूप कमी त्यांचे मृत्यू जास्त, असं पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. कोलेस्टेरॉल कमी झाल्याने ते जात नाहीत. कुपोषण आणि शरीरात आतून चालू असलेला दाह यांनी जातात, आणि त्याच दोन गोष्टी कोलेस्टेरॉलही खाली ओढतात. पुढच्या महिन्यात १८२ चं १३० झालं आणि वजन ५६ झालं, तर तुमच्या घरी पेढे वाटले जातील आणि माझ्या पोटात गोळा येईल.

वजनाच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. सेंटरच्या कागदावरचं त्यांचं ड्राय वेट मांस घटलं तसं पुरेसं उतरवलेलं नसेल, तर मांस गेलेल्या जागी पाणी भरलं जातंय आणि काटा मात्र "बरोबर" दाखवतोय. रात्री आडवं झाल्यावर धाप लागते का, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते का, बघा. तुम्हाला ५८ हा आकडा मशीननंतरचा मिळालाय की आधीचा, तेही विचारा. ड्राय वेट नव्याने ठरवून घ्यायला सांगा. हृदयाच्या दृष्टीने हे त्या २९० पेक्षा कितीतरी मोलाचं काम आहे. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन-सव्वादोन किलोंपेक्षा जास्त वजन वाढू न देणं, हीच त्यांची खरी हृदयाची गोळी.

तर काय द्यायचं? अंडं परत आणा. दोन पांढरे रोज, आणि आठवड्यातून तीन-चारदा एक अख्खं. पिवळ्यात फॉस्फरस असतो म्हणून मोजून, कोलेस्टेरॉलच्या भीतीने नाही. ताजे मासे द्या. बांगडा उत्तम, त्यातली चरबी ट्रायग्लिसराइडला मदतच करते. बोंबलात पाणीच जास्त, त्यामुळे चार बोंबील तळले म्हणजे प्रोटीन झालं असं समजू नका. सुकट आणि सुके बोंबील मात्र बंदच, ते म्हणजे मिठाचा डबा. चिकन चालेल, रस्सा कमी. वरण पाण्यासारखं नको, वाटीभर घट्ट द्या, पोटॅशियमचे आकडे बघून.

आणि तेल. ऐकून आश्चर्य वाटेल, पण डायलिसिसवाल्याच्या स्वयंपाकघरात तेल हा बराच सज्जन पदार्थ आहे. त्यात पोटॅशियम नाही, फॉस्फरस नाही, मीठ नाही, पाणी नाही, फक्त ताकद आहे. त्यांना दिवसाला सतराशे-अठराशे कॅलरी लागतात. भाज्या मर्यादित, फळं मर्यादित, कडधान्यं मोजून, सुकामेवा नाही, दूध कमी, वर तेलही काढलंत तर कॅलरी येणार कुठून? दिवसाला तीन-चार चमचे शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल फोडणीला, भाजीला वापरा. जे तेल टाळायचं ते दुसरं: स्टेशनबाहेरच्या कढईत सकाळपासून उकळणारं, आणि बेकरीतलं वनस्पती तूप. देशात ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, पण तळून तळून काळं झालेल्या तेलाला कोणी मर्यादा घालत नाही. म्हणजे गंमत बघा, घरचं तेल बंद झालं आणि सकाळच्या दोन खाऱ्या तशाच राहिल्या. खारी, बटर, फरसाण हे आधी काढा. त्यात मैदा, मीठ आणि नको ती चरबी, तिन्ही एकत्र.

ट्रायग्लिसराइडला खरं खाद्य मिळतं ते साखर, मैदा आणि दारू यांतून. चहात साखर किती, दिवसाला कप किती, हे मोजा. चहा कमी झाला की पाणीही आपोआप आवरतं. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी होत असेल तर ती एकाच बशीत स्टार्च, शेंगदाण्याचं फॉस्फरस आणि बटाट्याचं पोटॅशियम आहे. उपास सोडा म्हणायची माझी प्राज्ञा नाही, माझ्या आईने मला घराबाहेर काढलं असतं. पण त्या दिवशी वरीचे तांदूळ आणि वाटीभर दही बरं.

"हृदयासाठी चांगलं" म्हणून दुकानात मिळणाऱ्या काही गोष्टी तुमच्या घरात विष आहेत. कमी सोडियमचं मीठ त्यात पहिलं. सोडियम काढून त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीवाल्या शेजाऱ्याला ते चांगलं, पण डायलिसिसवाल्याचं हृदय त्याने थांबू शकतं. नारळपाणीही तसंच. अर्जुनसालीचा काढा, लसणीच्या कॅप्सूल, व्हॉट्सॲपवरचा "नसा साफ करणारा" आलं-लिंबू-व्हिनेगरचा रस, यातलं काहीही नको. आणि स्टारफ्रूट, काही लोक त्याला करंबळ म्हणतात, पाच कडांचं, आडवं कापलं की चांदणी दिसते ते. गाड्यावर तिखट-मीठ लावून मिळतं. किडनी बंद असलेल्या माणसाला त्यातल्या विषाने न थांबणारी उचकी, भ्रम, फिट्स येतात आणि जीवही गेलेले आहेत. चरबीशी याचा संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता यादीतल्या नावाचं. ट्रायग्लिसराइड २९० आहे म्हणून कोणाचं नाव यादीतून काढल्याचं मी बघितलेलं नाही. झेडटीसीसीमध्ये नोंदणी तुमच्या रुग्णालयामार्फत होते, आणि पेशंट ऑपरेशनला फिट आहे की नाही हे रुग्णालयाची टीम ठरवते. ती काय बघते? टू-डी इको, गरज पडली तर स्ट्रेस टेस्ट, कधी अँजिओग्राफी. आणि ओटीपोटातल्या रक्तवाहिन्या. नवी किडनी पाठीमागे जुन्या जागी बसवत नाहीत, खाली ओटीपोटाच्या बाजूला ठेवून तिथल्या रोहिणीला जोडतात. त्या रोहिणीत चुना बसला असेल तर सर्जनला टाका घालायला मऊ जागाच मिळत नाही. म्हणून फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबर घेणं, पॅराथायरॉइडचा (कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीचा) आकडा सांभाळणं, हे ट्रान्सप्लांटची जागा राखून ठेवणं आहे. सेव्हेलामर जेवणानंतर तासाभराने घेत असतील तर ती फुकट जाते. घासाबरोबर घ्यायची. शिवाय दात, जुना टीबी, छातीचा एक्स-रे, आणि तंबाखू. मशेरी, गुटखा, सिगरेट काहीही असेल तर आज सोडायचं, यावर मी चर्चाच करत नाही.

अँजिओग्राफीबद्दल भीती असते की "ब्लॉकेज सापडलं तर स्टेंट टाकावाच लागेल". तसं नाही. २०२० मध्ये आलेल्या ७७७ किडनीच्या रुग्णांच्या अभ्यासात, छातीत तक्रार स्थिर असलेल्यांना आधीच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू आणि अटॅक कमी झाले नाहीत. स्टेंट टाकला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने लागतात आणि तोवर ट्रान्सप्लांट पुढे जातं. म्हणून "करून टाकू" असं कोणी म्हटलं तर तुमचे किडनीचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना एका खोलीत, निदान एका फोनवर आणा.

ओ गटाला मेंदूमृत दात्याची किडनी मिळायला सहसा जास्त वाट बघावी लागते, कारण ओ गटाला फक्त ओ चीच चालते. वर्षंही लागू शकतात. त्यात तुम्ही निरोगी असाल तर दोन गोष्टी विचारून ठेवा: स्वॅप, म्हणजे दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल, ज्याला कायद्यात जागा आहे, आणि रक्तगट न जुळता करतात ते ट्रान्सप्लांट, ज्याचा खर्च आणि जोखीम दोन्ही जास्त. तुम्ही पत्रात स्वतःला एका वाक्यात बाद करून टाकलंय, तसं नसतं.

फोन कधीही येतो, बहुधा रात्री. एका किडनीसाठी एकाहून जास्त लोकांना बोलावलेलं असतं. माझ्या एका पेशंटला पहाटे अडीचला फोन आला. बदलापूरहून टॅक्सीने आला, आणि इको चौदा महिने जुना निघाला. सकाळपर्यंत नवा करेस्तोवर निर्णय दुसऱ्याच्या बाजूने झाला. त्याचं कोलेस्टेरॉल उत्तम होतं. तुमच्या रुग्णालयाला कोणते रिपोर्ट किती ताजे लागतात हे तिथल्या ट्रान्सप्लांट समन्वयकाला विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

चरबीचा खरा हिशेब सुरू होतो ट्रान्सप्लांटनंतर. तेव्हा शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून औषधं लागतात. त्यातल्या प्रेडनिसोलोनने भूक खवळते, दोन वर्षं न खाल्लेला हापूस समोर येतो, वजन आठ-दहा किलोंनी वाढतं. टॅक्रोलिमसने साखर वाढू शकते, सायक्लोस्पोरिन आणि एव्हरोलिमसने कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड चढतात. तिथे स्टॅटिनचा उपयोग आहे, आणि बहुतेक प्रौढांना ते द्यावं असंच केडीगो सुचवते. फक्त गोळी आणि डोस ट्रान्सप्लांट टीमनेच ठरवायचा. सायक्लोस्पोरिनबरोबर सिमव्हास्टॅटिन चालत नाही, अटोरव्हास्टॅटिन-रोसुव्हास्टॅटिनचे डोस अगदी खाली ठेवावे लागतात. टॅक्रोलिमसबरोबर ही अडचण बरीच कमी. पपनस मात्र तेव्हा घरात आणायचं नाही, त्याने औषधांची रक्तातली पातळी वाढते. आज तुमच्या घराजवळच्या डॉक्टरांनी दाखवलेली घाई तेव्हा दाखवली तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

तुम्ही शेवटी विचारलंत, गणपतीत उकडीचे मोदक द्यायचे का. ओला नारळ आणि गूळ, दोन्हींत पोटॅशियम आहे, त्यामुळे एकवीस नाहीत. डायलिसिसच्या दिवशी, मशीनवर जायच्या आधी दोन. दोन डायलिसिसमधल्या दोन दिवसांच्या मोठ्या खंडात नको. त्या महिन्याचं पोटॅशियम साडेपाचच्या वर असेल तर एकच. आणि वरून तूप घाला.